कमरेवर दिवसभर सोसेल असं पिस्तूल

अमेरिकेत रोज कपड्यांआड बाळगायला म्हणून माझं पहिलं पिस्तूल मी पाच मिनिटांत पसंत केलं. तळहातात मावत होतं, पॅन्टच्या खिशात टाकलं तरी कुणाला पत्ता लागला नसता, वजनही मोबाइलहून जरासंच जास्त. दुसरं एखादं हातात घेऊन बघावं असं मनातसुद्धा आलं नाही. पुढच्या शनिवारी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, गेलो. दुसरं मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) संपेपर्यंत अंगठा आणि तर्जनीमधलं बेचकं सोलवटलं होतं आणि तिसऱ्याला मी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागलो होतो. सात यार्डांवरच्या कागदावर भोकं वाटेल तिथे पडत होती.

त्यावर उतारा म्हणून मी दुसरं टोक गाठलं. पोलिसांच्या कमरेला असतं तसं मोठं, जड पिस्तूल घेतलं. त्याने नेम छान लागायचा. पण गाडीत बसलं की मूठ बरगडीत घुसायची, शर्टाखाली कुबड आल्यासारखं दिसायचं. महिन्याभरात ते घरच्या तिजोरीतून बाहेर येईनासं झालं.

एवढी ठेच लागल्यावर कळलं की पिस्तुलाच्या बाबतीत आराम दोन प्रकारचा असतो, हाताचा आणि कमरेचा, आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. पिस्तूल लहान झालं की कमर खूश, हात नाराज. मोठं झालं की उलट. काउंटरवर उभा असलेला नवा माणूस फक्त कमरेचं ऐकतो, कारण तिथे गोळी झाडून बघता येत नाही. माझा सल्ला उलटा आहे. आधी हाताचं ऐका. कमरेची समजूत चांगला होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) आणि चांगला पट्टा घालू शकतात, हाताची समजूत कोणीही घालू शकत नाही.

पहिली पायरी: आपल्याला चालतं का?

हे सगळं अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. भारतातला शस्त्रपरवाना, तिथले निषिद्ध बोअर (मनाई असलेली नळीची मापं) हे प्रकरण पूर्ण वेगळं, त्याला इथलं काही लागू नाही.

एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असे मोजके अपवाद आहेत. 'बाळगणं' या शब्दात रेंजवरचं भाड्याचं पिस्तूल हातात धरणंही येऊ शकतं, तेव्हा मित्राबरोबर गंमत म्हणून जाण्याआधीही वकिलाला विचारा. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर हा अडथळा नाही. परवानाधारक दुकानातून हँडगन घ्यायला २१ वर्षं पूर्ण हवीत. तिथे फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि पार्श्वभूमी तपासली जाते.

लपवून बाळगणं, म्हणजे कन्सील्ड कॅरी, हा मुख्यतः राज्याचा विषय. अर्ध्याहून जास्त राज्यांत आता परवान्याशिवायही चालतं. न्यूयॉर्कसारख्या राज्यांत पूर्वी खास कारण दाखवावं लागे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर ती अट गेली, पण प्रशिक्षण आणि कागदपत्रं राहिली. एका राज्याचा परवाना शेजारच्या राज्यात चालेलच असं नाही. काही नियमांचा तर थेट खरेदीशी संबंध आहे. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये १० पेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन चालत नाही, न्यू जर्सीत पोकळ टोकाच्या गोळ्यांवर निर्बंध आहेत. राज्याच्या पोलिसांच्या संकेतस्थळावर एक संध्याकाळ घालवा, मग दुकानात जा. आणि तुमच्या राज्यात परवाना लागत नसला तरी वर्ग करा. प्रशिक्षकाने एकदा पकड दुरुस्त केली की पुढची शेकडो काडतुसं वाचतात.

दुसरी पायरी: हाताचं माप

काउंटरवर पिस्तूल हातात येण्याआधी विक्रेत्याने मॅगझिन काढून, स्लाईड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) मागे अडकवून ते रिकामं असल्याचं दाखवायला हवं. हातात आल्यावर तुम्हीही चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी गोळी बसते त्या जागेत, बघा. त्याने बघितलेलं असलं तरी बघा. नळीचं तोंड माणसांकडे नको आणि बोट चापावर नको, बोट बाहेरून फ्रेमला लागून सरळ.

आता बेचकं मुठीच्या मागच्या बाजूला जितकं वर जाईल तितकं वर बसवा. वरून बघितलं तर नळी आणि कोपरापर्यंतचं हाड एका रेषेत दिसायला हवं. मग, पिस्तूल रिकामं आहे हे पुन्हा पाहून, तर्जनी चापावर ठेवा. पहिल्या पेराचा मधला मांसल भाग चापावर आला तर माप बरोबर. नुसतं टोक पोचत असेल, किंवा पोचवण्यासाठी हात फिरवावा लागत असेल, तर मूठ मोठी आहे. पेराची घडी ओलांडून बोट पलीकडे जात असेल तर ती लहान. आपल्यातल्या बऱ्याच जणांचे, विशेषतः बायकांचे, हात लहान असतात आणि विक्रेता 'सवय होईल' म्हणतो. होत नाही. त्या पिस्तुलाची गोळी नेहमी एकाच बाजूला जाते आणि माणूस स्वतःच्या नेमाला दोष देत बसतो. हल्ली अनेक पिस्तुलांबरोबर मुठीच्या मागे लावायच्या दोन-तीन जाडीच्या पट्ट्या येतात, त्या लावून बघायला मागा.

करंगळीकडेही बघा. फार लहान पिस्तुलात तिला जागाच नसते, ती खाली लोंबकळते. दिसायला क्षुल्लक गोष्ट, पण झटका (गोळी सुटताना हाताला बसणारा मागचा धक्का) आवरण्यात खालच्या दोन बोटांचा वाटा मोठा असतो. करंगळी हवेत राहिली की प्रत्येक गोळीनंतर पिस्तूल हातात सरकतं आणि पकड पुन्हा बसवावी लागते. मॅगझिनच्या तळाला जोडायचा छोटा ओठ मिळतो, त्याने फरक पडतो. मात्र तेवढीच मूठ लांब होते, हे लक्षात ठेवा.

स्लाईडबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथेच लोक हिरमुसतात. स्लाईड ओढता येत नाही म्हणजे ताकद कमी, असं वाटतं. बहुतेक वेळा पद्धत चुकलेली असते. हात लांब करून दोन बोटांच्या चिमटीत ओढू नका. पिस्तूल छातीजवळ घ्या, नळी सुरक्षित दिशेला ठेवा, डावा तळहात वरून स्लाईडच्या मागच्या भागावर घट्ट बसवा, आणि डाव्याने मागे ओढताना उजव्याने मूठ पुढे ढकला. ओढण्यापेक्षा ढकलण्याचं काम जास्त.

तरीही नाही जमलं तर लहान पिस्तुलाकडे वळू नका, तिथे स्थिती सहसा आणखी बिकट असते. लहान स्लाईड हलकी आणि तिचा प्रवास आखूड, त्यामुळे आतली स्प्रिंग ताठ ठेवावी लागते. बोटांना संधिवात असेल तर थोडं मोठं पिस्तूलच सोपं जातं. स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये 'शील्ड ईझेड' नावाचं .३८० चं (हे ९ मिमीहून सौम्य काडतूस) पिस्तूल खास सहज ओढल्या जाणाऱ्या स्लाईडसाठी काढलं, पुढे त्याची ९ मिमी आवृत्तीही आली. वयस्कर मंडळींना मी आधी तेच हातात घ्यायला सांगतो.

तिसरी पायरी: वजन आणि झटका

हिशोब सोपा आहे. काडतूस तेच ठेवून पिस्तूल हलकं केलं की झटक्याची ऊर्जा त्याच प्रमाणात वाढते. रुगरचं एलसीपी रिकामं जेमतेम २७० ग्रॅम. सिग सॉअरचं पी३६५ साधारण ५०० ग्रॅम. ग्लॉक १९ रिकाम्या मॅगझिनसह ६७० ग्रॅमच्या आसपास, आणि १५ गोळ्या भरल्या की साडेआठशे. म्हणून तेच ९ मिमीचं काडतूस पी३६५ मध्ये चटका देतं आणि ग्लॉक १९ मध्ये नुसतं ढकलतं.

कमरेवरही या आकड्यांना अर्थ आहे, पण वाटतो तेवढा नाही. दोनशे ग्रॅमचा फरक चांगल्या पट्ट्यावर तासाभराने विसरला जातो. टोचणारा कोपरा मात्र संध्याकाळपर्यंत विसरला जात नाही.

चौथी पायरी: काय लपतं, काय लपत नाही

नवे लोक नळीची लांबी बघतात. नळी पॅन्टच्या आत जाते, ती कोणाला दिसणार? शर्टातून उमटते ती मूठ, कारण ती पट्ट्याच्या वर, शरीरापासून दूर, मागे किंवा बाजूला बाहेर येते. त्यामुळे मुठीचा सेंटिमीटरभर कमी करणं हे नळी बोटभर आखूड करण्यापेक्षा जास्त उपयोगाचं. उलट थोडी लांब नळी पोटाच्या बाजूला लावलेल्या पिस्तुलाला आधारच देते. वजन पट्ट्याच्या खाली राहतं, मूठ बाहेर कलंडत नाही. फार आखूड पिस्तूल पट्ट्यावर डोकं जड झालेल्या बाहुलीसारखं बाहेर झुकतं.

जाडीचा विचारही करा. ग्लॉक १९ ची जाडी साधारण ३२ ते ३४ मिमी, सडपातळ पिस्तुलांची २५ ते २८. पूर्वी सडपातळ म्हणजे सहा-सात गोळ्यांवर समाधान मानायचं, ग्लॉक ४३ (२०१५) तसंच होतं. पी३६५ ने २०१८ मध्ये जवळपास त्याच मापात मॅगझिनमध्ये १० गोळ्या बसवल्या आणि मग बाकीच्यांनाही धावावं लागलं: २०१९ मध्ये ग्लॉक ४३एक्स आणि स्प्रिंगफील्डचं हेलकॅट, २०२१ मध्ये शील्ड प्लस. सुरुवात करणाऱ्याने या गटापासून ग्लॉक १९ च्या मापापर्यंत शोधावं. त्याहून लहान आणि त्याहून मोठी, दोन्ही पिस्तुलं सराव झालेल्यांसाठी. मी शेवटी ४३एक्सच्या मापावर थांबलो.

रिव्हॉल्व्हरचं काय? 'बायकांना रिव्हॉल्व्हर सोपी' हा काउंटरवरचा लाडका सल्ला आहे आणि तो मला पटत नाही. स्मिथ अँड वेसनचं ६४२ बघा: ४०० ग्रॅमच्या आसपास, पाच गोळ्या, .३८ स्पेशल. स्लाईड नाही हे खरं, पण चाप ओढायला सुमारे साडेपाच किलोचा जोर लागतो, जिथे ग्लॉकला अडीच किलो पुरतो. वर एवढ्या कमी वजनात झटकाही कडक. खिशात किंवा जॅकेटमध्ये ठेवायला ती उत्तम, शिकायला मात्र अवघड.

काडतुसावर फार वेळ घालवू नका. ९ बाय १९ मिमी हे १९०२ पासूनचं, सरावाला तुलनेने स्वस्त आणि कुठेही मिळणारं. एफबीआयनेही .४० सोडून ९ मिमीकडेच परतायचं ठरवलं, एक कारण हेच की बहुतेकांचा नेम त्याने जास्त लवकर आणि अचूक लागतो. हाताला ९ मिमी सोसतच नसेल तर .३८०, पण ते जरा मोठ्या पिस्तुलात. इवल्याशा पिस्तुलातलं .३८० हे माझ्या सोललेल्या बेचक्याचं मूळ होतं.

बाहेरची सेफ्टी (गोळी सुटू न देणारी खटकी) हवी की नको, यावर लोक तासन्‌तास भांडतात. हवी असेल तर घ्या, पण मग ती खाली करायचा सराव प्रत्येक वेळी, न चुकता.

पाचवी पायरी: रेंजवर तीन पिस्तुलं

पसंतीची यादी तीनवर आणा आणि तिन्ही भाड्याने घेऊन झाडून बघा. प्रत्येकी किमान ५० गोळ्या, पाच-पाचच्या गटाने, पाच ते सात यार्डांवर. पहिल्या पाच गोळ्यांवर जाऊ नका. तेव्हा माणूस उत्साहात असतो, हात ताजा असतो. चाळिसाव्या गोळीनंतरचा गट, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, बघा. तो पसरत चालला असेल, डोळे मिटत असतील, हात आपोआप सैल पडत असेल, तर ते पिस्तूल कितीही देखणं असलं तरी तुमचं नाही. त्यावर सराव करायचं मन होणार नाही.

बंद रेंजमध्ये कानात बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही वापरा. एका गोळीचा आवाज १५० डेसिबलच्या पुढे जातो आणि आखूड नळीचा आवाज अधिकच कर्कश. नवख्याच्या दचकण्यात निम्मा वाटा आवाजाचा असतो. तो कमी केला की पुष्कळांचा झटकाही 'कमी' होतो. बंद गळ्याचा शर्ट घाला, उडालेल्या काडतुसाची रिकामी गरम पुंगळी गळ्यातून आत गेली की माणूस हातातलं पिस्तूल विसरून नाचायला लागतो, आणि ते हसण्यासारखं नाही. परत येताना शिशामुळे हात साबणाने, थंड पाण्याने धुवा.

अधूनमधून गोळी अडकली तर लगेच पिस्तुलाला नावं ठेवू नका. मनगट सैल असलं तर हलक्या पिस्तुलाच्या स्लाईडला पूर्ण मागे जाण्यापुरता आधार मिळत नाही. प्रशिक्षकाच्या हातातही अडकतं का, ते बघा.

सहावी पायरी: होल्स्टर आणि पट्टा

खरा आराम इथे आहे, आणि लोक इथेच हात आखडता घेतात. पिस्तूल महागाचं, होल्स्टर बाजारातला सगळ्यात स्वस्त, पट्टा ऑफिसचा जुना. मग म्हणतात पिस्तूल टोचतं.

होल्स्टर तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला हवा. चापाभोवतीचा भाग कडक आवरणाने पूर्ण झाकलेला हवा, नुसत्या कापडाने नाही. पिस्तूल काढल्यावर त्याचं तोंड उघडं राहायला हवं. रिकामं पिस्तूल घालून उलटा धरून हलवलं तरी ते पडता कामा नये. कायडेक्स हे कडक प्लॅस्टिक या सगळ्यात बसतं. चामड्याचा अंगाला मऊ लागतो, पण तो जुना होऊन मऊ पडला की घडी चापात शिरू शकते, तेव्हा टाकून द्यायला मन घट्ट करा.

जागा घड्याळाच्या भाषेत सांगतात. बेंबी म्हणजे १२. उजव्या हाताच्या माणसासाठी १ च्या आसपास म्हणजे पोटाच्या पुढे, ३ ते ४ म्हणजे कमरेच्या बाजूला. पुढची जागा लपवायला आणि काढायला चांगली, पण नळी मांडीच्या दिशेने असते, तिथे चापावरचं बोट आणि होल्स्टरचं आवरण यांत तडजोड नाही. बाजूची जागा बसायला सोपी, वाकलं की मात्र मूठ उमटते. पाठीच्या मधोमध, ६ वर, लावूच नका. पडलात तर मणक्यावर पडाल.

पोट थोडं पुढे असेल तर पुढची जागा जमत नाही असं नाही. होल्स्टर किती वर-खाली बसतो, ते बदलून बघा. त्याच्या खालच्या टोकाला, अंगाच्या बाजूने, फोमची छोटी उशी चिकटवली की नळी बाहेर आणि मूठ आत ढकलली जाते, टोचणंही कमी होतं. पट्ट्याला आतून दाबणारा 'क्लॉ' नावाचा छोटा तुकडा होल्स्टरला लावता येतो, तो मूठ शरीराकडे वळवतो. या दोन छोट्या वस्तूंनी माझ्या ओळखीच्या किमान दोघांची पिस्तुलं विकली जाण्यापासून वाचली.

पट्टा असा हवा की आडवा धरला तर वजनाने वाकू नये. पॅन्टची कंबर नेहमीपेक्षा दोन इंच मोठी घ्या. होल्स्टर आणि कातडीमध्ये एक बनियन ठेवा, घाम आणि घासणं दोन्ही टळतं. शर्ट गडद किंवा नक्षीचा, किंचित सैल.

बायकांच्या कपड्यांना बहुधा पट्टाच नसतो. जीन्सवर कुर्ता हा खरंतर उत्तम आडोसा, फक्त तो एका हाताने वर करून पिस्तूल काढायचा सराव लागतो. लेगिंग्ज किंवा ड्रेस असेल तर पोटाला बांधायचा रुंद पट्टा मिळतो, पण त्यातही चापावर कडक आवरण असलेलाच घ्या. (साडीवर कसं, हे मला दोघींनी विचारलं आहे. माझ्याकडे उत्तर नाही.) पर्समध्ये ठेवू नका. २०१४ च्या डिसेंबरमध्ये आयडाहो राज्यात एका आईच्या पर्समधलं पिस्तूल तिच्या दोन वर्षांच्या मुलाच्या हाती लागलं आणि त्यातली गोळी लागून ती गेली. पर्स खांद्यावरून उतरते, खुर्चीला अडकते, ट्रॉलीत राहते. कमर जागची हलत नाही.

सातवी पायरी: पहिला आठवडा घरातच

काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा, पिस्तूल दोनदा तपासून रिकामं करा आणि होल्स्टरमध्ये घालून दिवसभर घरात वावरा. जेवायला बसा, बुटांच्या नाड्या बांधा, खालच्या कप्प्यातला डबा काढा, सोफ्यावर लोळा. कुठे, कोणत्या हालचालीला टोचलं ते कागदावर लिहा. आरशासमोर एकदाच बघा, नंतर नाही. आपल्याला जे उमटलेलं दिसतं ते इतरांच्या लक्षातही येत नाही, पण दर दोन मिनिटांनी शर्ट खाली ओढणारा माणूस सगळ्यांच्या लक्षात येतो.

शौचालयाचा विचार याच आठवड्यात करा. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल विसरलं जाण्याची ही नेहमीची जागा: काढून कागदाच्या रिळावर ठेवतात आणि तसेच निघतात. पिस्तूल होल्स्टरमधून बाहेर येऊच द्यायचं नाही. पट्टा सैल होताच होल्स्टर हाताने धरा आणि पॅन्टसकट गुडघ्यांमध्ये राहू द्या.

पिस्तूल परत होल्स्टरमध्ये घालताना शर्ट पूर्ण बाजूला करून, खाली बघून, सावकाश घाला. काढण्याची घाई समजू शकते, परत घालण्याची कधीच नसते. शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी चापात अडकून लोकांनी स्वतःच्या मांडीत गोळी घालून घेतली आहे.

आठवड्याच्या शेवटी कागद बघा. एकच जागा पुन्हा पुन्हा दुखत असेल तर आधी होल्स्टरची उंची आणि कोन बदला, मग त्याची घड्याळातली जागा, मग होल्स्टरच. पिस्तूल सगळ्यात शेवटी. माझ्या कपाटाच्या खणात चार होल्स्टर पडून आहेत, पाचवा रोज कमरेला असतो.